ऑरिन पेकचं अर्धं पत्र

ऑरिन पेकच्या पोटात गोष्ट टिकत नसे, हे टिल्बी कॉर्नरमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. तो पाणचक्कीवर कामाला होता, आणि चक्कीवर नुसते दाणे थोडेच दळले जातात? कुणाची गाय आटली, कुणाची लेक कुणाच्या बर्फावरच्या घसरगाडीत बसून कुठवर गेली, पाद्रीबुवांना स्वतःच्याच प्रवचनात डुलकी कशी लागली, सगळं ऑरिनच्या चाळणीतून जायचं आणि बाहेर पडताना मूळ मालापेक्षा शेरभर जास्तच भरायचं. माणूस वाईट नव्हता. हात सढळ होता, तोंड त्याहून सढळ. सव्विसाव्या वर्षापर्यंत लग्न झालं नव्हतं, कारण ज्या ज्या मुलीला त्याने मागणी घालायचं ठरवलं, तिला ती बातमी आधी गावाकडून कळली.

अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटली होती. अठराशे बासष्टच्या उन्हाळ्यात गावातले सतरा जण दक्षिणेच्या बंडखोरांशी लढायला निघाले, त्यांत ऑरिनही होता. चक्कीच्या मालकाने सुटकेचा श्वास सोडला. म्हणाला, "आता निदान पीठ तरी वेळेवर होईल." पण गावाची सुटका कसली होते! महिन्याभरात ऑरिनची पत्रं यायला लागली.

आता आमच्याकडे लढाईवरून आलेलं पत्र म्हणजे काही एका घरचा माल नव्हे. टपाल यायचं डीकन ब्लिसच्या दुकानात. डीकन म्हणजे चर्चचा कारभारी, पण त्याच्या हातात साबणापासून शवपेटीच्या खिळ्यांपर्यंत सगळा गाव होता. शनिवारी दुपारी लोक दुकानातल्या शेगडीभोवती जमत आणि आठवड्याची पत्रं मोठ्याने वाचली जात. एकाच्या पत्रात दुसऱ्याच्या पोराची खबर असायची, म्हणून ही रीत पडली होती. कुणी म्हणालं की माझं पत्र मी घरी नेऊन वाचते, तर बायका एकमेकींकडे बघायच्या. काय लपवायचंय हिला?

ऑरिनची आई हल्डा, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिचं पत्र डीकनच वाचायचा आणि तिचं उत्तरही तोच लिहून घ्यायचा. पण शेगडीजवळची खुर्ची मात्र तिची. कारण बाकीच्यांची पोरं लिहायची, "मी बरा आहे, हवा थंड आहे, मोजे पाठवा." ऑरिन लिहायचा नाटक. पलटणीचा स्वयंपाकी डाळिंबी रंगाचा कोट घालून कसा मिरवतो, कॅप्टनच्या घोड्याला कॅप्टनपेक्षा जास्त कळतं, गावातला कोणता पोरगा फासे खेळतो (नाव न घेता, पण नाकाचं वर्णन करून). लोक हसून हसून डोळे पुसत. डीकन आवाज बदलून वाची. आणि हल्डा आंधळ्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत अशी बसे, जणू राणीसाहेबांच्या दरबारात भाट गातोय.

हे ऑरिनला सगळं ठाऊक होतं. म्हणून तो आईला लिहिताना आईला लिहीतच नसे. शेगडीला लिही.

डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला आमच्या पलटणीला नदी ओलांडून एका दगडी भिंतीवर चालून जायला सांगितलं. भिंतीमागे बंडखोर आरामात उभे होते. त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही. टिल्बी कॉर्नरचे सतरा जण गेले, अकरा परत आले. मग नदीच्या अलीकडच्या टेकड्यांवर हिवाळ्याची छावणी पडली, आणि चिखल सुरू झाला.

छावणीतली झोपडी तिघांची होती. ओंडक्यांच्या भिंती, फटींत चिखल, वर तंबूचं कापड आणि धुराड्याच्या जागी खारवलेल्या मांसाचं रिकामं पिंप, जे आठवड्यातून एकदा पेट घ्यायचं. एक ऑरिन. दुसरा झीनस टटल, ऑरिनच्या शेजारचाच, गप्प, रुंद खांद्यांचा, घरी फिबी नावाची बायको आणि ऑक्टोबरात झालेली मुलगी, जिला त्याने अजून पाहिलं नव्हतं. तिसरा म्हातारा ॲसा मूडी, चांभार. वय सत्तेचाळीस, पण भरतीच्या वेळी दाढीला बुटाचं काळं पॉलिश फासून चाळीस सांगितलं होतं. पावसात त्याची दाढी गळायची आणि छातीवर काळे ओघळ यायचे.

"ॲसाबाबा, तुमचं तारुण्य सदऱ्यावर आलंय," ऑरिन म्हणायचा.

"तुझ्या जिभेवर आलं असतं तर मी तेही पुसलं असतं," म्हातारा म्हणायचा.

सकाळी कवायत, दुपारी कवायत, मधे लाकडं तोडणं. कडक बिस्किटं कॉफीत बुडवून ठेवायची, म्हणजे आतले किडे वर तरंगतात, ते काढायचे आणि मग खायचं. टपालाचा ढोल वाजला की जेवणाच्या ढोलापेक्षा जास्त माणसं धावायची. ज्याला पत्र नाही तो उगाच बुटाची नाडी बांधत बसायचा. शांत कुणालाच बसवत नव्हतं. नदीपलीकडे शत्रू दिसत होता, तोही तसाच चिखलात, तसाच लाकडं तोडत. लढाई नाही, घर नाही. माणसं दोरीला बांधलेल्या कुत्र्यासारखी त्याच त्या वर्तुळात फिरत होती.

अशात जानेवारीच्या शेवटी झीनसला कॉर्पोरल केलं, बाहीवर दोन फिती.

ऑरिनला ते लागलं. लागायचं कारणही होतं, कारण आधीच्याच पत्रात आईने डीकनच्या अक्षरात विचारलं होतं, "माझ्या मुला, तुला कधी फिती मिळणार? (येथे मी, डीकन ब्लिस, नमूद करतो की प्रश्न संपूर्ण गावाचा आहे.)" आणि फिती मिळाल्या शेजारच्या मुक्याला! झीनस बाहीला फिती शिवून घेत होता. ॲसा शिवत होता, दात ओठावर दाबून. ऑरिन कोपऱ्यात बिस्किटांच्या खोक्यावर कागद ठेवून लिहीत होता.

"परवा आपल्या झीनसला दोन फिती मिळाल्या. मिळायलाच हव्यात. लढाईच्या दिवशी मी त्याचा पाठमोरा कोट पाहिला. भिंतीकडून नदीकडे असा काही सुटला होता, की डीकनसाहेबांची घोडी शर्यतीत असती तर लाजून तबेल्यात परतली असती. आता कळलं की पलटणीत वेगाचं चीज होतं. पुढच्या महिन्यात सशांना सार्जंट करणार आहेत म्हणे."

लिहिताना त्याला शेगडीभोवतीचं हसू ऐकू येत होतं. डीकन कुठे थांबेल, "ससे" म्हणताना भुवया कशा वर करील, तेही दिसत होतं. त्याने पाकीट चाटून बंद केलं आणि सोमवारी सकाळी टपालाच्या पिशवीत टाकलं. गाडी गेली.

अर्ध्या तासाने झीनस झोपडीत डोकावला.

"ऑरिन, संडासाचे नवे चर खणायला माणसं मागितलीत. यादी माझ्याकडे आहे. तुझं नाव काढलं."

"का रे?"

"तुझा खोकला ऐकवत नाही. आणि हो, तुझ्या वाट्याची कॉफी त्या डब्यात आहे, गरम आहे तोवर पी." एवढं बोलून तो गेला. वर्षभरात त्याने एका दमात बोललेलं हे सर्वांत लांब भाषण होतं.

ऑरिनने कॉफी घेतली. डबा तसाच खाली ठेवला. उठून तो टपालाच्या तंबूकडे चालत गेला, मग धावत गेला. टपालाचा शिपाई चाकावर बसून चिलीम ओढत होता.

"गाडी?"

"ती काय आता स्टेशनवर पोचली असेल. काय, बायकोला दुसरीच्या नावाने लिहिलंस का काय?"

"आईला लिहिलंय."

"मग कशाला घाबरतोस?"

ऑरिन काही बोलला नाही. हे त्याच्या बाबतीत इतकं नवीन होतं, की शिपायाने चिलीम तोंडातून काढली.

त्या दिवसापासून ऑरिन एका जागी बसला नाही. आठ दिवसांत पत्र पोचणार. त्यानंतरच्या शनिवारी वाचलं जाणार. तेव्हा फिबी तिथे असणार, मुलीला शालीत गुंडाळून, कारण झीनसची दोन ओळींची खबर ऐकायला ती दर शनिवारी येते. दुसरं पत्र पाठवून पहिलं अडवावं म्हटलं, तर ते आईलाच लिहायचं. म्हणजे डीकन शेगडीजवळ उभा राहून मोठ्याने वाचणार, "आई, मागचं पत्र कुणाला वाचू देऊ नकोस!" बरं, थेट डीकनलाच लिहावं, तर लढाईवरून खुद्द आपल्याला आलेलं पत्र तो माणूस खिशात ठेवील? खुर्चीवर चढून वाचील. पाद्रीबुवांना लिहावं, तर ते त्याच शेगडीभोवती दुसऱ्या रांगेत बसतात. आयुष्यभर ऑरिनने गावाला कान लावून ठेवले होते, आणि आता त्याच गावात एका माणसाच्या कानात चार शब्द सांगायला त्याला वाट सापडेना.

शेवटी त्याने ॲसाला सांगितलं. म्हातारा बुटाला टाच ठोकत होता. सगळं ऐकून घेतलं. तोंडातले खिळे हातावर थुंकले.

"म्हणजे झीनस पळाला?"

"पळाला. मी डोळ्यांनी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"पाठ. कोट. गुडघ्यापर्यंतचा चिखल."

"आणि तू कुठे होतास?"

"मागे."

"त्याच्या मागे?"

"हो."

"तोंड कुणीकडे होतं तुझं?"

ऑरिनने पायाखालची माती बुटाने उकरली. "नदीकडेच."

ॲसा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "गाढवा," तो हळूच म्हणाला, "तिथे अर्धी पलटण परत फिरली होती. मीही फिरलो होतो, माझं नशीब की माझ्या मागे पत्र लिहिणारा कुणी नव्हता. त्याला जाऊन सांग."

"सांगतो."

"आज सांग."

"आज तो पहाऱ्यावर आहे."

"मग उद्या."

"उद्या बघू."

उद्या, परवा, तेरवा. रोज टपालाचा ढोल वाजला की ऑरिन सगळ्यात पुढे धावायचा आणि पिशवी उघडली की सगळ्यात मागे जाऊन उभा राहायचा. लोक म्हणू लागले, पेकला काहीतरी झालंय, त्याने चार दिवसांत कुणाला नावं ठेवली नाहीत. डॉक्टरने जीभ बघितली. जीभ ठीक होती.

आणि मग कॅप्टनने रजा जाहीर केली. प्रत्येक कंपनीतून दोन जण, लांबचे म्हणून पंधरा दिवस. ज्यांची बंदूक साफ आणि वागणूक साफ त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या कॅप्टनने आपल्या टोपीत टाकल्या. ऑरिनने आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मनापासून काही मागितलं. मला मिळू दे, मी पायी जाऊन दुकानात शिरतो, शेगडीवर चढून सांगतो. आपल्याला नसेल तर निदान तिसऱ्याच कुणाला, एवढीही त्याची तयारी होती.

पहिली चिठ्ठी एका सार्जंटची निघाली. दुसरी झीनस टटलची.

झीनस तसाच उभा राहिला. मग त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ॲसाने त्याच्या पाठीत एवढा गुद्दा घातला की बाहीवरच्या फितीचा टाका उसवला.

"आता रडू नकोस लेका, चिखल आधीच पुष्कळ आहे."

"मी नाही रडत."

"मग नाकातून काय, मेपलचा पाक येतोय?"

सोमवारी निघायचं होतं. तीन दिवस झोपडीत लग्नघराची गडबड. ॲसाने बुटांना नवे तळवे लावले. झीनसने कोट नदीच्या पाण्यात धुतला, तो गोठून दारासारखा उभा राहिला, मग शेकून वाकवला. ऑरिनने त्याला सांगायचं म्हणून शुक्रवारी सुरुवात केली. झीनस दाढी करत होता, गळ्याला वस्तरा.

"झीनस, मला जरा..."

"हालू नकोस, आरसा तुझ्या हातात आहे."

शनिवारी पुन्हा. शनिवारीच! दुपारी दोनला ऑरिनने सूर्याकडे बघितलं आणि तो मनाने दुकानात पोचला. आत्ता डीकन चष्मा पुसतोय. आत्ता वाचतोय. आत्ता ससे. इकडे झीनस त्याला विचारत होता, "हल्डामावशीला काय नेऊ तुझ्याकडून? तुझी आठवण म्हणून काहीतरी दे. कोटाचं बटण दे. ती चाचपून बघेल."

ऑरिनने बटण तोडून दिलं. बटणाबरोबर कोटाचा तुकडाही निघाला. झीनसला वाटलं, घरची आठवण.

"मी फिबीला सांगेन म्हणतो," झीनस अचानक म्हणाला.

"काय?"

"असंच. काही गोष्टी तोंडानेच सांगायच्या असतात. कागदावर बऱ्या दिसत नाहीत." आणि तो पुन्हा बुटांकडे वळला.

सोमवारी सकाळी ऑरिन त्याला पोचवायला स्टेशनपर्यंत निघाला. तीन मैल, प्रत्येक पावलाला बूट चिखलात राहायचा आणि पाय बाहेर यायचा. पहिल्या मैलात ऑरिनने हवेबद्दल सांगितलं. दुसऱ्या मैलात पिंपाच्या धुराड्याबद्दल. तिसऱ्या मैलात झीनसच म्हणाला, "तू पंधरवडाभर गप्प आहेस आणि आज हवा सांगतोयस. काय झालंय?"

स्टेशन म्हणजे नुसत्या फळ्या आणि बिस्किटांच्या खोक्यांची रास. गाडी आली नव्हती. ऑरिन एका खोक्यावर बसला, उठला, पुन्हा बसला आणि एका दमात सगळं सांगितलं. कोट, घोडी, ससे, सगळं. एक शब्द गाळला नाही. गाळता येणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

झीनसने पाठीवरचं ओझं उतरवलं.

"कधी वाचलं असेल?"

"परवा. शनिवारी."

"फिबी होती?"

"असेलच."

"मुलीला घेऊन?"

"झीनस, मला मार."

"का? नवा तळवा आहे, वाया जाईल." तो हसला नाही. "तू खोटं लिहिलंस?"

"नाही."

"मग रडतोस कशाला?"

"अर्धंच लिहिलं," ऑरिन म्हणाला. "तुझी पाठ दिसली ते लिहिलं. मी कुठे होतो ते नाही लिहिलं."

झीनसने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याला हे ठाऊक नव्हतं, हे ऑरिनला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या दिवशी झीनसने मागे वळून पाहिलंच नव्हतं.

"किती मागे होतास?"

"चार-पाच हात."

"माझं पाऊल लांब म्हणून," झीनस म्हणाला. मग त्याने खिशातली वही काढली, एक पान फाडलं, पेन्सिल पुढे केली. "गाडी यायला वेळ आहे. उरलेलं लिही."

ऑरिनने लिहिलं. खोक्याच्या झाकणावर, उभ्या-उभ्या. आयुष्यातलं हे त्याचं सगळ्यात छोटं पत्र होतं. त्यात एकही विनोद नव्हता आणि लिहिताना त्याला शेगडी दिसत होती, पण हसू ऐकू येत नव्हतं. "आई आणि गावकरी. भिंतीपुढून झीनस टटल परत फिरला तेव्हा मी त्याच्या मागे होतो आणि माझंही तोंड नदीकडे होतं. मी त्याच्यापेक्षा हळू पळालो, कारण माझे पाय आखूड आहेत. ऑरिन." झीनसने ते न वाचता घडी घालून टोपीत ठेवलं.

"वाचणार नाहीस?"

"शनिवारी ऐकेन," झीनस म्हणाला. "मी दिलं तर."

गाडी आली. तो चढला. हात हलवला नाही.

झालं! आता काय करायचं? ऑरिन परत छावणीत आला आणि त्याने लाकडं फोडायला घेतली. इतकी फोडली की शेजारच्या झोपडीवाल्यांनी येऊन विचारलं, हिवाळा अजून दोन वर्षं आहे का? पहाऱ्याची पाळी नसताना पहारा मागून घेतला. नदीपलीकडच्या एका बंडखोराने हाक मारली, "ए यांकी, कॉफी आहे का? तंबाखू देतो!" ऑरिनने विचारलं, "तुला घरून पत्र येतं का?" तो म्हणाला, "मला वाचता येत नाही." ऑरिनला क्षणभर त्याचा हेवा वाटला.

आठवड्याने आईचं पत्र आलं. झीनस निघायच्या आधीच्या शनिवारी लिहवून घेतलेलं, डीकनच्या वळणदार अक्षरात. "मुला, तुझं पत्र वाचलं. लोक हसले नाहीत. फिबी टटल मुलीला घेऊन उठून गेली, तिची शाल दाराच्या खिळ्यात अडकली ती तिने ओढून फाडली. तिच्या वडिलांनी दुकानातून वस्तू न घेता पाठ फिरवली. (मी, डीकन ब्लिस, नमूद करतो की मला वाचायला लागलं ते मी वाचलं.) मला बरंच बोलायचं आहे, पण ते असं बोलता येत नाही. मोजे पाठवते. तुझी आई." ऑरिनने ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला. आईलाही त्याच्यासारखंच झालं होतं. मधे डीकन होता.

"झीनसने पत्र फाडलं असेल," तो ॲसाला म्हणाला.

"फाडेल. त्याचा अधिकार आहे."

"नाही फाडणार."

"मग नाही फाडणार."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं तू सहा दिवस मला झोपू दिलेलं नाहीस," म्हातारा म्हणाला.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी दुपारी, झीनस चिखलातून येताना दिसला. खांद्यावर खोकं, दाढी वाढलेली. ऑरिन ढोलाशिवाय धावला आणि दोन हातांवर थांबला. झीनसने खोकं त्याच्या हातात दिलं.

"जड आहे. चीज आहे, सुकी सफरचंदं घालून भाजलेला केक आहे, तुझे मोजे आहेत. चल."

झोपडीत गेल्यावर ॲसाने चीजचा तुकडा आधी तोंडात घातला आणि मग म्हणाला, "आता सांग, नाहीतर हा मरेल आणि मला पुरावं लागेल."

झीनस सांगू लागला. सावकाश, एका वाक्यानंतर दुसरं, मधे शेकोटीत लाकूड सारत. गुरुवारी पोचला. सासऱ्याच्या घरी जेवण मांडलं होतं, पण मीठ मागितलं तर ते दुसऱ्याच्या हातून आलं. फिबी बोलायची, पण त्याच्या खांद्यामागे बघून. मुलगी मात्र त्याचं नाक धरून ओढायची, तिला बातम्या कळत नव्हत्या. पहिल्याच रात्री त्याने फिबीला स्वतःच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, गावाने आधी सांगितलं." तेवढंच.

"मग शनिवारी?" ऑरिनचा आवाज फुटला.

"शनिवारी मी टोपीतून कागद काढून डीकनला दिला. त्याने आधी डोळ्यांनीच वाचला आणि म्हणाला, हे जरा... मी म्हटलं, मोठ्याने वाचा. त्याने वाचलं. तुझी आई उठली, काउंटरला धरून उभी राहिली, म्हणाली, पुन्हा वाच."

"वाचलं?"

"वाचलं. मग तिने मला विचारलं, ऑरिनला कुठे लागलं नाही ना? मी म्हटलं, नाही मावशी, खोकला आहे. तर सगळ्यांसमोर म्हणाली, मग बरं झालं दोघं पळालात. आणि त्याला सांग, पुढच्या वेळी पळताना डोकं खाली ठेव, पाय आखूड असले तरी मान बापासारखी लांब आहे."

ॲसा खदखदून हसला. ऑरिनने डोळे मिटले. वाटलं, संपलं. गाव हसलं असणार, आणि गावाचं हसू म्हणजे माफी, हे तो जन्मापासून ओळखून होता.

"हसले ना लोक?"

"थोडे," झीनस म्हणाला. "फिबी हसली. मग सूझन गेट्स उठली."

सूझन गेट्सचा मुलगा एबेन त्या भिंतीपुढे मारला गेला होता, परत न आलेल्या सहांपैकी एक.

"ती सरळ दुकानाबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आली. आत येईना. म्हणाली, तुझ्या मुलीला बघायला आले, पण बघितलं नाही. मला विचारलं, माझा एबेन पळाला होता का? मी म्हटलं, नाही काकू. ती म्हणाली, मग तो कसा पडला? कुठे लागलं? लगेच गेला का? काही बोलला का? मी म्हटलं, काकू, मी पाहिलं नाही. माझी पाठ होती." झीनसने लाकूड सारलं. "ती म्हणाली, ऑरिन पेकला विचार. तो सगळं बघतो. तो सगळं लिहितो. त्याला सांग, मला लिही. आणि डीकनकडे नको, माझ्या घरी पाठव. मला वाचता येतं."

झोपडीत पिंपाच्या धुराड्यातून वारा गुणगुणला. ॲसाने चीज खाली ठेवलं.

"पण माझीही पाठच होती..." ऑरिन म्हणाला.

"ठाऊक आहे."

ऑरिन उठला, बसला. कागद काढला. "प्रिय गेट्सकाकू" लिहिलं. पुढे काय लिहायचं? त्याला हवं तितकं सुचत होतं. एबेन शांतपणे गेला, ओठांवर आईचं नाव होतं, आकाशाकडे बघत होता. अशी वाक्यं त्याच्या बोटांत तयारच असायची, दहा सेकंदांत पान भरलं असतं. गेट्सकाकूने ते पत्र मरेपर्यंत उशाखाली ठेवलं असतं. त्याने पेन्सिल उचलली, आणि ठेवली. कागद चुरगळून खिशात घातला.

"एबेनच्या शेजारी रांगेत कोण होतं?" त्याने विचारलं.

ॲसाने आठवलं. "तो तांबड्या केसांचा, मरियॉट. दुसऱ्या ओळीतल्या झोपडीत राहतो. आणि एक तिसऱ्या कंपनीतला, हाताला पट्टी असलेला. त्याचं नाव नाही ठाऊक."

"शोधतो."

"सगळं खरं सांगतील तुला ते?"

"नाही सांगितलं तर दुसऱ्याला विचारीन."

तो बाहेर पडला. मागे पावलं वाजली म्हणून वळला, तर झीनस, अजून रजेचाच कोट अंगावर, टोपी हातात. कुणी कुणाला काही विचारलं नाही. दोघं दुसऱ्या ओळीकडे चिखलातून चालत गेले. मरियॉटच्या झोपडीचं दार म्हणजे पोत्याचा पडदा. ऑरिनने खांबावर टकटक केलं.

"एबेन गेट्सला शेवटचं पाहिलं ते तू का?"

आत कुणीतरी पत्ते खाली ठेवले. "कोण विचारतंय?"

ऑरिनने झीनसकडे बघितलं. झीनसने मान हलवली.

"ज्यांनी पाहिलं नाही ते," ऑरिन म्हणाला. "आत येऊ का?"